सूट नको, नावं लिहा

इन्कम टॅक्सची सूट नको, फक्त पोरांची नावं लिहा, असं म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय? स्टील प्लांटजवळच्या आमच्या रुआबांधा वस्तीत आहे. रामटेके काका. प्लांटच्या रेल मिलमधून क्रेन ऑपरेटर म्हणून रिटायर झाले, पण रिटर्न भरणं काही सोडलं नाही. टॅक्स लागो न लागो, दर जुलैत इस्त्रीचा शर्ट घालून साहूजींच्या दुकानात हजर.

साहूजी रिटर्न भरतात आणि झेरॉक्सही काढतात. मी तिथं ठेका-मजुरांच्या युनियनची पत्रकं काढायला जाते, म्हणून हा सामना मला दरवर्षी फुकट पाहायला मिळतो.

"डिपेंडंट लिहा. प्रफुल्ल रामटेके. सुजाता रामटेके."

"कका, लड़का जामुल की सीमेंट फैक्ट्री में कमाता है, बेटी पुणे में मुझसे दुगना. डिपेंडेंट कैसे?"

"कमावते थे त्याइचं. पोरं तं माहीच हायेत नं?"

"इसमें ऐसा खाना ही नहीं है, कका."

"मंग बाजूले लिहा. सूट नोको मले. टॅक्स पूरा घ्या. पन रेकॉर्डवर पाहिजे."

'रेकॉर्डवर पाहिजे' हे काकांचं पालुपद. त्यांच्याकडे चहा पिऊन उठलं तरी म्हणतात, "पेला नं? रेकॉर्डवर राहू दे. मागून म्हनशील, काकानं पाजला नाही."

दुकानातली रांग त्यांना हसते. मला त्या रांगेचा राग येतो. मोठमोठे लोक उत्पन्न लपवायला पगारी माणसं ठेवतात, त्यांना आपण हुशार म्हणतो. एक क्रेनवाला पूर्ण टॅक्स घ्या आणि वर पोरांची नावं लिहा म्हणतो, तर तो येडा? हे मी पत्रकातच लिहिलं. काकांनी कागद हात लांब करून वाचला आणि परत दिला. "भाषा चांगली हाय, लीडर. पन यात माह्या पोराइचं नाव कुठं हाय?"

यामागची गोष्ट काकी होत्या तेव्हा त्यांनीच सांगितली होती. प्लांटच्या दवाखान्यासाठी कामगारांच्या घराघरात मेडिकल बुक असे. त्यात बायकापोरांची नावं. मुलाचं वय भरलं की नाव कापायचं, नियम सगळ्यांना एकच. बाकीचे बाप बुक देऊन, रेघ मारून घेऊन यायचे. काका प्रफुल्लला धरून घेऊन गेले आणि बाबूसमोर उभं केलं. "पाहून घ्या, पोरगा जिता हाय. कापता कावून?" बाबूनं शांतपणे लाल रेघ मारली. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांना मोतीबिंदू झाला. तो कळला कसा, तर आमच्या दारातल्या, ताडपत्रीनं झाकलेल्या स्कूटरला त्यांनी "जय भीम, कुठं निघाले?" असं विचारलं. सुजातानं लगेच फोन केला. ऑपरेशन पुण्यात करू, औषधाचे थेंब मी स्वतः टाकीन, कंपनीच्या विम्यात तुमचं नाव डिपेंडंट म्हणून घालते.

तिथंच घोडं अडलं.

"मी? डिपेंडंट? उभ्या जिंदगीत रूळ उचलले म्या. कोनावर डिपेंडंट नाही."

महिने गेले. काका पायरी चाचपत उतरू लागले, कप सोडून ओट्यावर चहा ओतू लागले, पण कागदावर सही करीनात. मी सामाजिक सुरक्षेवर माझं अख्खं भाषण ऐकवलं. ते म्हणाले, "मस्त बोलते. चाय पे."

शेवटी एका रविवारी सुजाताच स्पीकरवर आली. मी शेजारीच बसले होते.

"बाबा, तुमी दरसाल माह्यं नाव कावून लिवता? मी काय उपाशी हावो?"

"तू माही हायेस म्हनून."

"मंग मीबी त्याच्याचसाठी लिवून राहिली."

काकांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "सही कुठं करू, थे सांग."

या जुलैत काका पुण्याहून ऑपरेशन करून परतले होते, आणि साहूजींनी पेन उघडूनच ठेवलं होतं. "बोलो कका. प्रफुल्ल, सुजाता..."

"यंदा नोको लिहू." काका रांगेकडे वळले. "यंदा माह्यं नाव हाय. पुन्याले. पोरीच्या कंपनीत डिपेंडंट हावो मी." मोबाइलवरचं विम्याचं कार्ड त्यांनी एकेकाच्या नाकासमोर धरलं आणि वर पेढा दिला. कोणी हसलं नाही. मला या माणसाचा अभिमान आहे, आणि मी तो लपवत नाही.

घरी येताना ते हळूहळू चालत होते. मी समजले, उन्हाचा त्रास होतोय. वळणावर ते थांबले.

"लीडर, एक सांग. वय जास्त झालं तं बापाचं नाव कापत तं नाही नं?"

"नाही कापत, काका."

मी खरं बोलतेय का, हे त्यांनी नव्या डोळ्यांनी नीट पाहून घेतलं. मग चालू लागले.