नाथसागरातला बांध

"नाव चालवणं म्हंजे काय हो? बैलगाडीच ती! फक्त चाकं नायत!"

बद्रीनाथ पंडितांनी हे वाक्य पुंडलिकनगरच्या पारावर, दुधाच्या डेअरीपुढं आणि केस कापता कापता न्हाव्याच्या खुर्चीत, असं सगळीकडं ऐकवलं होतं. खुर्चीत ऐकवताना कान थोडक्यात वाचला!

प्रकरण होतं सोसायटीच्या अध्यक्षपदाचं. उमेदवार दोनच. एक बद्रीनाथ आणि दुसरा पुंजाराम, त्याचा सख्खा चुलतभाऊ, समोरच्याच घरात राहणारा. दोघांत अबोला. तोही वडिलोपार्जित! जायकवाडीचं धरण झालं, नाथसागर भरला, तेव्हा दोघांचं गाव पाण्याखाली गेलं. त्याच्या आधी दोघांचे बाप एका बांधावरून भांडत होते. बांधावर एक बाभूळ होती. ती कुणाची, यावरून कोर्टात केस पडली. निकाल लागायच्या आत पाणी आलं. वावर गेलं, बांध गेला, बाभूळ गेली. भांडण तेवढं कोरडं राहिलं.

बद्रीनाथचा बाप जाताना एवढंच बोलला होता, "बद्री, बांध आपलाच व्हता." ते वाक्य बद्रीनाथच्या छातीत रुतून बसलं होतं. वावर काही परत मिळणार नव्हतं. पण एकदा, निदान एकदा तरी, पुंज्यापुढं आपलं खरं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

अध्यक्ष निवडायला बोलावलेल्या सगळ्या सभा आरडाओरड्यात मोडल्या. शेवटी सेक्रेटरी सोनाजी वैतागला.

"धरणावर रविवारी शिडाच्या नावा शिकवतात," तो म्हणाला. "साध्या लोकांसाठी. त्यानं म्हणे माणसात आत्मविश्वास येतो, नेतृत्व येतं. दोघंबी जा. शेवटच्या रविवारी शर्यत असती. जो जिंकंल तो अध्यक्ष!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारण एकच, सभा संपली.

शिकवणारे होते रामकिसन मास्तर. मूळचे बिडकीनचे, नेव्हीतून निवृत्त झालेले. एका नावेत दोघं बसायचे. बद्रीनाथनं बायकोला, भागूबाईला, सोबत घेतलं. पुंजारामनं त्याच्या चतुराबाईला. या दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत, अशी नवऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं गच्चीवर वाळवणं घालताना दोघींचं सगळं बोलून व्हायचं.

पहिल्याच रविवारी बद्रीनाथचे प्रश्न सुरू झाले. "हा दोर कशाचा? ह्यो दांडा काऊन आडवा? वारं मागून आलं तर? पुढून आलं तर? आलंच नाय तर?"

"आलं नाही तर गप बसायचं!" मास्तर म्हणाले. "आणि एक ध्यानात ठेवा. गडबड झाली की शिडाचा दोर सोडून द्यायचा. नाव आपोआप थांबते. घाबरलेला माणूस दोर घट्ट धरतो. ज्याला सोडता येतो, तो पुढारी!"

हे वाक्य भागूबाईनं मनात नीट घडी घालून ठेवलं. बद्रीनाथ तेव्हा आणखी एक दोर ओढून बघत होता. त्यासरशी शिडाचा दांडा फिरला आणि मास्तरांची टोपी पाण्यात गेली.

सुकाणूची तर वेगळीच तऱ्हा. बद्रीनाथच्या हाताला कासऱ्याची सवय. उजवा कासरा ओढला की बैल उजवीकडं. इथं सुकाणूचा दांडा उजवीकडं ओढला की नाव चालली डावीकडं!

"उलटी हाय का ही?" तो ओरडला. नाव थेट काठावरच्या चहाच्या टपरीकडं निघाली. "होऽ! होऽ! थांब की!"

"आवं, तिला कान नायत!" भागूबाई म्हणाली. "दोर सोडा!"

"मी पुढारी हाय का तू?"

टपरीवाल्यानं किटली उचलून पळ काढला, म्हणून किटली वाचली.

शेवटचा रविवार आला. ऐन मे महिना. धरणाचं पाणी पार आत ओसरलेलं. मास्तरांनी लांबवर एक नारिंगी पिंप तरंगत ठेवलं होतं. त्याला वळसा घालून परत यायचं. काठावर अख्खी सोसायटी डबे घेऊन बसलेली. शिट्टी झाली आणि दोन्ही नावा निघाल्या.

खरं सांगायचं तर बद्रीनाथ पुढं होता! वारं चांगलं भरलेलं, शीड फुगलेलं. पुंजाराम मागं पडत चाललेला. पिंप आता हाकेच्या अंतरावर. बद्रीनाथच्या छातीत आनंद मावेना. पण त्याची नजर काही पिंपावर राहीना. ती पाण्यात, खाली.

"भागे, आपण कुणाच्या वावरावरून चाललो असू गं आत्ता?"

"पुढं बघा!"

"नाय, पण बघ ना... हे खाली काय दिसतंय? आन ते... ते काय हाय?"

डाव्या हाताला पाण्यातून एक काळं खोड वर आलं होतं. वाकडं, दोन फांद्यांचं. त्याच्या पलीकडं विहिरीचा दगडी काठ थोडासा उघडा पडलेला.

बद्रीनाथ ओरडला. "बाभूळ! भागे, आपली बाभूळ! बांधावरची!"

त्यानं नाव वळवली. नेमकी आजच बरोबर वळली! मागून पुंजारामनं ते पाहिलं, मग खोड पाहिलं, आणि तो नावेत उभाच राहिला.

"ए! माझ्या बाभळीला हात लावायचा नाय!"

किती वर्षांनी बोलला होता! बद्रीनाथला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

"तुझी कशी? आमच्या बापानं लावलेली!"

"बाभूळ कुणी लावतं का रं? ती उगवती! आन आमच्या बाजूला उगवली!"

दोन्ही नावा एकाच वेळी खोडाशी पोचल्या आणि एकाच वेळी गाळात रुतल्या. बद्रीनाथ पँट वर खोचून पाण्यात उतरला. कमरेइतकं पाणी. पायाखाली उंचवटा लागला.

"सापडला! बांध सापडला! ह्यो बघ, माझ्या पायाखाली!"

"तू माझ्या हद्दीत उभा हाय! अलीकडं सरक!" पुंजारामही उतरला.

काठावरून मास्तर भोंग्यावर ओरडत होते. "अहो, काय करताय? शर्यत चालू आहे!"

"शर्यत ऱ्हाऊ द्या!" बद्रीनाथ तिकडून ओरडला. "मोजणी चालू हाय!"

एकानं इकडून खोड धरलं, दुसऱ्यानं तिकडून. बापाचं शेवटचं बोलणं बद्रीनाथच्या कानात घुमायला लागलं. "मेला माझा बाप ह्या बांधापायी! आज मी सोडतोय व्हय!" असं म्हणताना त्याचा आवाज फुटला. पुंजारामचेही डोळे भरले. "आन माझा काय सुखानं गेला का?" पण खोड कुणीच सोडीना.

भागूबाई मात्र नावेत बसून विहिरीकडं टक लावून बघत होती. एका दगडावर नाग कोरलेला होता. नागाला शेपटी नव्हती.

"चतुरे," ती हळूच म्हणाली, "त्या नागाची शेपटी मी फोडली होती. ल्हानपणी. दगड मारून. लई मार खाल्ला होता बापाचा."

चतुराबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई! म्हंजे हे..."

भागूबाई उभी राहिली. नाव हलली, ती हलली नाही.

"ऐका!" असा आवाज पुंडलिकनगरात कुणी कधी ऐकला नव्हता. "हा बांध ह्यांच्या बापाचा नाय, आन भावजी, तुमच्याबी बापाचा नाय. ही माझ्या बापाची विहीर हाय! तुमचं गाव इथं नायच. हे माझं बुडालेलं माहेर हाय! माझ्या बापाच्या वावरात येऊन भांडता? सोडा ते खोड!"

दोघांनी खोड सोडलं. लगेच!

बद्रीनाथनं खाली बघितलं. पँट वर खोचलेली, अंगभर चिखल, आणि आपण ऐन सासुरवाडीत उभे! जावयानं असं यायचं असतं? त्यानं मुकाट्यानं पँट खाली सोडली आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"आता ढकला नावा," भागूबाई म्हणाली. "दोघांनी मिळून. आन वर बसल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाय. चतुरे, सुकाणू धर."

पुढाऱ्यांनी नावा ढकलल्या, वर चढले आणि तळाशी पाय दुमडून बसले. दोघी जावांनी शिडं भरून घेतली, पिंपाला वळसा घातला आणि दोन्ही नावा जोडीनं काठाला लावल्या.

"जिंकलं कोण?" सोनाजीनं मास्तरांना विचारलं.

"नियमानं कुणीच नाही," मास्तर म्हणाले. "पण हुकूम कुणाचा चालला, ते सगळ्यांनी पाहिलंय."

भागूबाई अध्यक्ष झाली. पहिल्याच सभेत तिनं आरडाओरडा करणाऱ्याला नुसतं "दोर सोडा" म्हटलं आणि तो खाली बसला.

बद्रीनाथला वाईट वाटलं का? वाटलं की! पण दोन दिवसांनी एका प्रश्नानं त्याची झोपच उडवली. तो उठला आणि समोरच्या घरी गेला. आयुष्यात पहिल्यांदा!

"पुंज्या, मग आपलं वावर नेमकं हाय कुठं रं?"

पुंजाराम दार धरून उभा. "मीबी त्याच इचारात हाय."

तेव्हापासून दोघं दर रविवारी एकाच नावेतून निघतात. एक म्हणतो इकडं, दुसरा म्हणतो तिकडं. आत्मविश्वास दोघांकडंही भरपूर! त्यामुळं नाव नेमानं जाते आणि नेमानं त्याच विहिरीपाशी रुतते. बद्रीनाथ टोपी मात्र आता काठावरूनच नीट करून निघतो.