वेणूच्या गळ्यातली ग्रंथी

एका जंगलात, बाळांनो, वेणू नावाची एक सायाळ राहायची. तिची आई गळ्यात गाठ होऊन गेली. मावशीही तशीच गेली. त्यामुळे वेणूला घास गिळतानासुद्धा धास्ती वाटायची.

त्याच जंगलात दिवाकरपंत नावाचं घुबड होतं. फार विद्वान. पंतांनी वेणूच्या रक्ताचा थेंब घेतला, बरेच दिवस डोळे वटारून तपासला आणि सगळ्यांना वडाखाली बोलावलं.

"बाहेरून 'वाढा' असा निरोप आला की आपल्या पेशी वाढतात. निरोप थांबला की थांबतात," पंत म्हणाले. "वेणूच्या घराण्यात हा निरोप आत पोचवणारं जनुक बिघडलंय. बाहेरून कुणी काही सांगत नसलं, तरी ते आपलं 'वाढा, वाढा' म्हणत राहतं. मग गळ्यातल्या ग्रंथीत गाठ होते."

टाळ्या पडल्या. जनुकाला पंतांचं नाव द्यावं, असा ठराव कोल्ह्याने मांडला. सिंहमहाराज म्हणाले, "आमच्या रागाचंही असंच जनुक असणार. तेव्हा ज्यांना खाल्लं, त्यांच्या नातेवाइकांनी मनावर घेऊ नये."

वेणूने विचारलं, "पंत, यावर उपाय?"

"आहे ना. गाठ व्हायच्या आधीच ग्रंथी काढायची. डॉक्टर करकोचे काढतात. पण तू घाई करू नकोस."

"का हो?"

"गाठ नेमकी कधी होते, ते मला बघायचंय."

"आईच्या वेळी बघितलं नाहीत?"

"तेव्हा माझा विषय वेगळा होता."

वेणू घरी आली. पिल्लं झोपली होती. त्यांच्याकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. सकाळी उठून ती तडक करकोच्यांकडे गेली.

करकोच्यांनी चोच घालून ग्रंथी काढली. "तांदळाएवढी सुरुवात झाली होती," ते म्हणाले. "वेळेत आलात. आता रोज एक गोळी, जन्मभर."

"घेईन," वेणू घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता पिल्लांचंही रक्त तपासा."

पंतांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. वेणूने ऐन वेळी संशोधनाचा घात केला, असं ते भेटेल त्याला सांगू लागले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांचा मोठा सत्कार झाला. वेणूला बोलावणं नव्हतं. ती त्या दिवशी नदीकाठी नातवंडांना रताळी उकरायला शिकवत होती.

तात्पर्य: शास्त्राची प्रगती व्हावी असं वाटत असेल, तर रुग्णाने जरा समजूतदारपणा दाखवून वेळच्या वेळी आजारी पडावं.