विश्रांतीचा आमच्याकडचा अर्थ

विश्रांती ही माणसाच्या प्रकृतीला अत्यावश्यक असून ती बहुधा दुसऱ्याच्या घरी आढळते. शब्दकोश पाहिला तर या शब्दाच्या पोटातच श्रम आहेत. ते कोणी करायचे, हा प्रश्न मात्र कोशकारांनी जिल्हा पातळीवर सोडलेला दिसतो. आराम म्हणे फारसीतून आला. घाटंजीला पोचेपर्यंत त्याचं जे काही झालं, ते श्रीकृष्णरावांच्या वाट्याला आलं.

श्रीकृष्णराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले (त्यामुळे विश्रांतीचा अनुभव दांडगा). मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. पण बीपी उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, तोवर पूर्ण आराम करा, असं डॉक्टरांनी बजावलं. धाकट्या शाल्मलीचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि होणारा जावई त्यांना अजून एका पांढऱ्या शर्टापलीकडे दिसला नव्हता. मुलगी कोणाच्या हाती देतोय ते तरी दिसावं, एवढ्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

म्हणून त्यांनी मोबाइलवर रीतसर स्टेटस ठेवलं: 'प्रकृतीच्या कारणास्तव पूर्ण विश्रांती. कृपया कोणीही भेटीस येऊ नये.' आपल्याकडे याहून आग्रहाचं आमंत्रण नाही.

केळापूरचे साडू पहिल्या एसटीने आले. फुलसावंगीहून मावसभाऊ पुंडलिकराव आणि त्यांची बायको शकुबाई संत्री घेऊन आले आणि 'तुम्ही पडून राहा' म्हणत पलंगावरच टेकले. श्रीकृष्णरावांना उठून बसावं लागलं. प्रत्येकाला आजार पहिल्यापासून सांगायचा, आणि मध्येच कोणी नवा आला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी साखर दोनदा मागवली. नव्वद टक्के भेटींच्या वेळी रुग्ण जागा होता. उरलेल्या दहा टक्के वेळी त्याला उठवण्यात आलं (झोप लागते का, हे विचारायला).

"तुमाले आरामाची लय गरज हाये, भाऊजी," तिसऱ्या चहाला शकुबाई म्हणाल्या. "कायले एवढं बोलून राह्यले?"

सोमवारी बीपी आणखी चढलेलं निघालं. ऑपरेशन पुढे गेलं. दवाखान्याच्या पायरीवर श्रीकृष्णरावांना रडूच आलं.

परतताना कळलं की शेजारच्या आळीतल्या पंजाबरावांची कंबर धरली असून ते घरी पडून आहेत. न जाणं बरं दिसत नाही म्हणून श्रीकृष्णराव गेले. त्यांना खुर्ची मिळाली, पंखा त्यांच्याकडे वळवण्यात आला, मग पोहे आले. त्यांनी मोतीबिंदू सविस्तर सांगितला. पंजाबराव कंबर धरून, उठून बसून ऐकत राहिले. ऐकवता ऐकवता श्रीकृष्णरावांचा तिथेच डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी बीपी उतरलेलं होतं. काय केलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"आराम," ते म्हणाले.

डोळा झाला, लग्न झालं, जावई दिसला (मिशी आहे, पण मुलगा चांगला आहे). डॉक्टरांनी उपचार चालू ठेवायला सांगितल्याने श्रीकृष्णराव आता रोज कोणाच्या तरी घरी विश्रांती घेतात. फक्त घाटंजीत पडून असलेली माणसं हल्ली संपत आली आहेत. अशात, तुम्ही पाय पसरून निवांत काहीतरी वाचत बसला आहात, हे त्यांच्या कानावर गेलं आहे. ते निघाले आहेत. चहात साखर कमी टाका.