पंख्याचं विमान आणि तात्यांचे कान

सोपानतात्यांनी काढलेला फोटो तुमच्या हातात आला, तर "वा, किती स्वच्छ आलाय" असं चुकूनही म्हणू नका. एवढंच म्हणा, "पंखा फिरतोय." मग तात्या तुम्हाला चहा पाजतील, आणि तुम्ही उठेपर्यंत पुढचे चाळीस फोटो दाखवतील.

फोटो विमानाचाच असणार. तेही कुठल्याही नाही. लष्करातली पोरं ज्यावर उडायला शिकतात, ती नाकावर पंखा असलेली छोटी लाल-पांढरी विमानं, तेवढीच. जेट त्यांना आवडत नाही. "आवाज मागनं येतो त्येचा. आधी पळायचं आन् मग वरडायचं, ही काय रीत हाय?" हेलिकॉप्टर म्हणजे त्यांच्या मते उडणारी गिरणी. मोर, सूर्यास्त, नातवंडं यांचे फोटो जगात बाकीचे लोक काढतातच, असं त्यांचं म्हणणं.

एकदा आमच्या वडगाव रासाईला कोणाकडे तरी पाहुणा आलेला एक कॉलेजातला मुलगा त्यांना आपला फोटो दाखवत होता. विमान अगदी कोरल्यासारखं. पंख्याचं एकेक पातं वेगळं मोजता येत होतं.

तात्यांनी चष्मा वर केला. "ह्यो पंखा थांबलाय."

"काका, शटर स्पीड दोन हजार ठेवला होता."

"आसंल. पर वर आभाळात पंखा थांबला तर काय हुतं?"

"विमान पडेल."

"मग तू पडत्यालं इमान काढलंयस. कुणाला दावू नगंस बाबा. आत बसल्याल्या पोराच्या आईनं बघितलं तर तिला काय वाटंल?"

तो मुलगा जेवायला थांबला नाही.

तात्यांचं शटर, म्हणजे कॅमेऱ्याची पापणी, सावकाश. एकशे पंचवीसच्या वर जायचं नाही, म्हणजे पंख्याची भाकरीसारखी गोल चकती उमटते. पण शटर सावकाश ठेवलं की हात जरा हलला तरी सगळं विमानच पुसटतं. म्हणून विमानाबरोबर आपणही त्याच वेगानं वळायचं. हे त्यांना कुठल्या क्लासात शिकवलेलं नाही. लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून पाखरं राखायला गोफण फिरवली, तेच वळण. "कमरंतनं फिरायचं. हातानं फिरणारा मानूस फकस्त मोबाइलवर फोटू काढतो."

आमची माणसं दोन पिढ्यांपूर्वी मेंढरांमागं हिंडायची. मेंढरू तोंडावरून ओळखायची सवय तात्यांच्या डोळ्यांतून गेलेली नाही. सगळी विमानं आम्हाला सारखीच दिसत. तात्या सांगायचे, "ही मागल्या मंगळवारचीच. पोटाखाली तेलाचा डाग बघ की." त्यांनी नावंही ठेवली होती. एक बांडी, एक डागाची, आणि एक जरा तिरपी उडायची ती लाजरी. लाजरीत रोज वेगळा शिकाऊ बसत असणार हे मी त्यांना एकदा समजावलं. "म्हंजी पोरं लाजरी," ते म्हणाले. नाव बदललं नाही.

एक नियम मात्र कडक. लष्कराच्या कुंपणाजवळ जायचं नाही. "आपल्या बांधावरनं दिसंल ते आपलं. बाकी सरकारचं."

माझ्या भावाच्या लग्नात फोटो काढायचं काम दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तात्यांवर सोपवलं. तात्या दादांचे थोरले चुलतभाऊ. त्यांना नको कसं म्हणणार? शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं, बँडवाले काठ्या उगारून तयार होते, आणि एवढ्या गलबल्यातून तात्यांनी विमान ऐकलं. अंतरपाट खाली आला, तेव्हा कॅमेरा वर गेला होता. अल्बममधल्या त्या पानावर एक सुरेख लाल-पांढरं विमान आहे, आणि कोपऱ्यात कोणाचा तरी अक्षता टाकणारा हात. वहिनी अजून विचारते, "तात्या, हात तरी कुणाचा तेवढं सांगा." तात्या निरखून बघतात आणि म्हणतात, "पंखा फिरतोय मात्र."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय तात्या कळायचे नाहीत. आमच्या भावकीतली पहिली बी.एस्सी. मी. हे दुसरं कोणी सांगायची वाट मी बघत नाही, स्वतःच सांगते. आज मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. पण पहिल्या वर्षाला माझे दोन विषय राहिले होते. मी शिरूरच्या कॉलेजातून एसटीनं दुपारी घरी यायची. मग म्हशींची वैरण, शेण, भांडी, आणि आईची पाठ धरलेली असली की रात्रीचा स्वयंपाकही. पुस्तक उघडायची तोवर डोळे मिटायचे. दादांनी एका संध्याकाळी मला, त्यांच्या सारीला, शांतपणे सांगितलं, "औंदा इषय निघालं तर ठीक. न्हाईतर बास करू, सारे." दादा वाईट माणूस नाही. त्यांना खरंच वाटत होतं की मला झेपत नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तात्या आमच्या ओसरीवर आले आणि दादांना जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "बापू, माझं कान गेलं."

"कुठं गेलं?"

"टर्बाईननं खाल्लं."

तात्यांची सगळी नोकरी नदीपलीकडच्या एका साखर कारखान्यात, टर्बाईनच्या घरघराटात गेली होती. त्यामुळे कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

"आता इमान आल्यालं कळत न्हाई. सावली पडली का कळतं, तवर ते गेल्यालं आसतं पाटसला. मला सारीचं कान दे. रोज दोन ते चार."

"आन् म्हशी?"

"म्हशीस्नी इमानाचं काय करायचंय?"

"तसं न्हाई तात्या. वैरण कोण काढणार?" दादा ओरडून म्हणाले. ओरडायला त्यांनी लगेच सुरुवात केली होती.

उत्तर हिराकाकूंनी दिलं. काकू म्हणजे तात्यांची बायको. त्या मागंच उभ्या होत्या, पदर खोचून. "मी काढीन. माझ्या नवऱ्याच्या खुळापायी पोर आडकणार, मग वैरण दुसरं कोण काढंल?"

दुसऱ्या दिवसापासून मी तात्यांच्या बांधावर, लिंबाखाली बसायला लागले. कामाचे नियम त्यांनी समजावून दिले. बोलायचं नाही, विमान ऐकू येत नाही. मोबाइल नाही, तो मध्येच वाजतो. झोपायचं नाही.

"मग करू काय?" मी विचारलं.

"पुस्तक वाच की. पुस्तकाचा आवाज येत न्हाई."

पंख्याचा आवाज आला की मी हात वर करायचा, की तात्या उठणार. आता खरं सांगते, पंख्याचं विमान महिन्यातून दोन-तीनदा यायचं, आणि तेही बहुतेक सकाळी. दुपारी दोन ते चार आमच्या बांधावर फक्त वारा असायचा. मी वाचायची. तात्या लेन्स पुसायचे, पुसलेली लेन्स परत पुसायचे. चार वाजता काकू चहा घेऊन यायच्या. त्यांच्या हातांना वैरणीचा हिरवा वास असायचा.

माझे राहिलेले विषय निघाले. मग दुसरं वर्षही निघालं.

तात्यांना मात्र बहिरेपण महागात पडलं. गाव त्यांच्याशी ओरडून बोलायला लागला. पारावर पोरं त्यांच्यासमोरच त्यांच्या नकला करायची. भजनात टाळ धरायचा त्यांचा मान होता. ताल चुकेल म्हणून तो दुसऱ्याला दिला. तात्या मागं जाऊन बसले. मला वाईट वाटायचं. टर्बाईनचा राग यायचा.

तात्यांना एक फोटो हवा होता, तो त्यांना मिळत नव्हता. विमान खालून जातंय, चकती पुरी गोल, आणि आतली दोन्ही डोकी स्पष्ट दिसतायत, असा. "शिकनारा फुडं बसतो, शिकवनारा मागं. शिकनाऱ्याला सगळं आभाळ दिसतं. शिकवनाऱ्याला काय, तर शिकनाऱ्याचं डोस्कं." असं म्हणून ते स्वतःशीच हसायचे.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला आठ दिवस होते. मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत अशी बुडाले होते की पानावरून सावली सर्रकन गेली तेव्हा मान वर झाली. लाल-पांढरं, इतकं खाली की दोन्ही हेल्मेटं दिसली. ऊन बाजूनं. मी किंचाळले, "तात्या!" तात्या पाठमोरे बसले होते. कॅमेरा मांडीवर, हातात चप्पल, आणि चपलेतला काटा काढायचं काम चालू. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा विमान नदीपलीकडे ठिपका झालं होतं.

मी रडायला लागले. एवढं एकच काम होतं माझ्याकडे.

"कंचं इमान?" तात्या म्हणाले. मग चपलेतला काटा उपटत, "जाऊ दे. शिकाऊ हाय. परत यील."

मी पास झाले, नोकरी लागली. बांधावरची माझी जागा शेजारच्या शांताबाईंच्या सुनेला मिळाली. पूजा तिचं नाव. बारावीनंतर लग्न झालेली, बाहेरून बी.ए. करणारी, दुसऱ्या वर्षाला. शांताबाईंनी तिला दोन ते चारची सुटी दिली ती शिकण्यासाठी नव्हे. "बहिऱ्या मान्साला कान नगं व्हय?" म्हणून दिली.

पगार सुरू झाल्यावर मी ठरवलं, तात्यांना कानाचं मशीन घेऊन द्यायचं. त्यांचं ऋण फेडायचा मला तेवढा एकच मार्ग दिसत होता. तात्या चार महिने टाळत होते. "कान हायत की जाग्यावर, बघ." शेवटी मी त्यांना गाडीवर मागं बसवून दौंडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

हेडफोन लावून आत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तात्यांनी अर्धा तास बटण दाबलं नाही. डॉक्टर बाहेर आले, आलेख बघत डोकं खाजवत म्हणाले, "अहो, असा आलेख भिंतीचा येतो."

आम्ही बोलत होतो तोवर तात्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. दवाखान्यात पोरं रडत होती, पंखे खडखडत होते, स्टेशनच्या बाजूनं इंजिनाची शिट्टी आली. आणि तात्यांची मान वर झाली. हात पिशवीतल्या कॅमेऱ्याकडे गेला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. ते उठले, झपाझप पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले, कमरेतून वळून उभे राहिले. त्यानंतर, बऱ्याच वेळानं, मला तो पंख्याचा बारीक घुर्र आवाज आला.

फोटो काढून ते वळले तर पायरीवर मी उभी.

"सावली पडली," तात्या म्हणाले.

"स्लॅबखाली, तात्या?"

लेन्सला झाकण लावायला त्यांना फार वेळ लागला.

मी काही हळवी बाई नाही. घरात मला 'तोंडाळ' म्हणतात. पण भीमेच्या पुलावर आल्यावर मला गाडी बाजूला घ्यावी लागली, समोरचं नीट दिसेना.

"परीक्षेच्या आधी ते खालनं गेलं होतं. तुम्ही ऐकलं होतं."

"लई लांबनं ऐकलं हुतं," तात्या म्हणाले. "पर तू वाचत हुतीस. मी उठलो आसतो तर तूबी उठली आसतीस."

"तुम्हाला तोच फोटो हवा होता."

"व्हय की." ते नदीकडे बघत होते. "चल, काकू वाट बघत आसंल."

घरी पोचलो तर ओसरीवर दादा बसलेले, आणि शांताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काय म्हनला डाक्टर?" शांताबाईंनी मला विचारलं. "बसवलं का मशीन? बरं झालं बाई. मंग आता आमच्या पूजाला मोकळी करा. कांदं काढायला मानूस न्हाई."

तात्या माझ्याकडे बघत नव्हते. काकू दारात आल्या होत्या. मशीन घेऊन मी काय करायला निघाले होते, ते मला तेव्हा कळलं.

मी कधी खोटं बोलत नाही, हा माझा लौकिक आहे. म्हणून शांताबाईंनी लगेच विश्वास ठेवला.

"मशीनचा उपयोग नाही," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, भिंत आणि तात्या सारखेच."

"अरं देवा! मंग पूजा ऱ्हाऊ द्यावी म्हंता?" त्या तात्यांकडे वळून ओरडल्या, "ऱ्हाऊ द्यू का पूजाला?"

"आं?" तात्या म्हणाले.

"पूजा! पूजा!"

"आं?"

मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "पूजाला राहू देतायत!"

तात्यांनी सावकाश मान हलवली. "आसं व्हय. मग दोनला धाडा," ते शांताबाईंना म्हणाले, "आन् पुस्तकं घिऊन धाडा. नुस्तं बसून झोप येती पोरीस्नी."