चार लाटसाहेब, एक विहीर

जानराव पाटलांनी नव्या विहिरीवर फळ्यांचं झाकण ठोकलं, कुलूप घातलं आणि गावाला बजावलं, की लाटसाहेबांच्या हातून उद्घाटन झाल्याशिवाय कोणी पोहरा टाकायचा नाही. लाटसाहेब म्हणजे नागपूरचे गव्हर्नर. विहीर खणली गावाने, मुरूम वाहिला बायांनी. पाटलांनी केलं ते फक्त झाकण, आणि तेवढ्यावर त्यांना सरकारकडून रावसाहेब व्हायचं होतं.

मेडशीकडच्या त्या गावातल्या बाया कोसभर जाऊन नदीच्या वाळूत झिरे उकरत होत्या. इकडे इब्राहीम पाथरवट साहेबाचं नाव दगडावर कोरत होता. शेवटचं अक्षर झालं आणि वाशीमहून बातमी आली, की साहेब रजेवर विलायतेला गेले, जागेवर हंगामी साहेब बसले. पाटलांनी नाव छिलायला लावलं. हंगामी नावात रंग भरून होतो तोच पहिले साहेब परतले. पुन्हा छिन्नी. ते परतले ते सामान बांधायलाच. मुदत संपली, तिसरे आले.

इब्राहीमने छिलून छिलून पातळ झालेला दगड उचलून दाखवला. "पाटील, आता यात एकच साहेब मावते. लहान नावाचा पाहा."

झिऱ्यावर जाणाऱ्या बायांतल्या मनकर्णाबाईने सोपा उपाय सांगितला, की नुसतं 'लाटसाहेब' कोरा, माणूस कोणताही येवो.

"नाव नसलं तं साहेबाले राग येईन," पाटील म्हणाले.

"अन् आमाले आला त्याचं काय?"

बायांच्या रागावर कोणी रावसाहेब होत नसतं.

वर्ष उलटलं आणि तिसऱ्या साहेबांचा दौरा खरोखर ठरला. चार दिवस आधी तहसीलदार पाहणीला आले. झाकण उघडलं तर असा भपकारा आला, की ते नाकाला रुमाल लावून घोड्याजवळ जाऊन उभे राहिले. पाणी हिरवंगार, वर शेवाळाची साय. साहेबाला हे दाखवलं तर पाटीलकीही जाईल, एवढं सांगून ते निघून गेले.

बंद पाणी सडतं, हे ज्याला कळत नाही त्याला आपण पाटील म्हणतो. विहीर उपसायला सगळं गाव लागणार होतं. पाटील दारोदार फिरले. सगळ्या बायांनी मनकर्णाबाईच्या घराकडे बोट दाखवलं. तिची अट एकच होती, कुलूपकिल्ली तिच्याजवळ राहील. दौऱ्याला उरलेले दिवस मोजत पाटलांनी ती दिली.

तीन दिवस अख्खं गाव पाणी उपसत होतं. चौथ्या दिवशी झऱ्याचं नितळ पाणी वर आलं, आणि त्याच दुपारी वाशीमचा शिपाई कागद घेऊन आला. तिसऱ्या साहेबांची प्रकृती बिघडली होती, दौरा रद्द. नागपूरला चौथ्यांनी शपथ घेतली होती.

पाटील विहिरीवर गेले. बाया रांगेने घागरी भरत होत्या. पाटलांनी हात पुढे केला.

"किल्ली दे मनकर्णे. आता नव्या साहेबाच्या हातून करू."

मनकर्णाबाईने घागर डोक्यावर घेतली. "किल्ली मी तिसऱ्याच्या नावानं घेतली व्हती, पाटील. तो गेला. आता चौथ्याले पाह्यजे असन तं त्यानं माह्या घरी येऊन मागावं. तुमी त्याले अर्ज करा, माहं घर कुठी हाये ते लिहा."

नागपूरला अर्ज करण्यात पाटलांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पण हा एक अर्ज त्यांनी कधीच लिहिला नाही.