अप्पांना यंदाच द्या!

एखादी गोष्ट मी मनावर घेतली, की ती तडीस नेतोच! हे मी नाही सांगत, माझी बायको सांगते. फक्त ते सांगताना ती कपाळाला हात लावते, एवढंच.

यंदा मी मनावर घेतलं होतं ते असं. आमचं एक हौशी नाट्यमंडळ आहे आणि मी त्याचा सचिव आहे. पोटापाण्यासाठी चष्म्याचं दुकान आहे, पण खरा जीव मंडळात! हे मंडळ दरवर्षी एका विनोदी कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. आणि यंदा तो नकलाकार अप्पांनाच मिळाला पाहिजे, असा मी पणच केला होता.

अप्पांचं वय ब्याऐंशी. मी तिसरीत असताना त्यांनी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांची नक्कल केली होती, तीही मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसलेले असताना! मी हसता हसता बाकावरून पडलो. हलणारा दात होता, तो निखळला. तो मुठीत धरून मी पुन्हा हसायला लागलो. त्या माणसाने पन्नास वर्षं गावोगाव लोकांना असं बाकावरून पाडलं, आणि आमच्या मंडळाने त्याला अकरा वर्षांत साधा नारळसुद्धा दिला नव्हता. दरवर्षी नाव निघायचं आणि दरवर्षी मागे पडायचं. मला याची मनापासून लाज वाटत होती.

तर निवड समितीची बैठक भरली. समिती चौघांची. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. बाकी दातांचे डॉक्टर, मंडळाचे कपडे शिवणारे शिंपीकाका आणि मी.

“टीव्हीवाल्याला द्या!” डॉक्टरांनी बसायच्या आधीच जाहीर केलं. हा टीव्हीवाला म्हणजे दर शनिवारी बायकी आवाज काढून घराघरांत धुमाकूळ घालणारा एक विनोदवीर. “माझ्या दवाखान्यात त्याचा कार्यक्रम लावला, की पेशंट आपोआप आ करतो. मला सांगावं लागत नाही!”

“जीवनगौरव आहे हा, डॉक्टर,” मी म्हणालो. “त्याचं जीवन अजून सुरू तरी झालंय का?”

“एकसष्टावं लागलंय त्याला. केस रंगवतो म्हणून कळत नाही.”

“मला विचाराल तर रेडिओवरच्या मावशी,” बाई म्हणाल्या. “तोंड न दिसता हसवणं हे खरं कौशल्य. वेडावाकडा चेहरा केला की कोणीही हसतं.”

“अप्पा चेहरा करत नाहीत, बाई! अप्पा माणूस करतात!” मी टेबलावर हात आपटला. वाक्य इतकं चांगलं होतं की मी ते लगेच पुन्हा एकदा म्हणालो.

“शिंपीकाका, तुमचं काय?” बाईंनी विचारलं.

“माझं माप वेगळं आहे,” शिंपीकाका म्हणाले. “ज्याच्या कार्यक्रमानंतर माझ्याकडे जास्त बटणं लावायला येतात, तो मोठा. आता अप्पांच्या वेळी बटणं यायची खरी. पण त्या काळी दोराही कच्चा असायचा.”

दोन तास झाले. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. डॉक्टर टीव्हीवाल्याची नक्कल करून दाखवत होते, बाई मावशींची करून दाखवत होत्या, आणि सगळं इतकं भिकार होत होतं की पुरस्कारच रद्द करावा असं कोणालाही वाटलं असतं. मग डॉक्टर म्हणाले, “अहो, अप्पा काय, आपलेच आहेत. त्यांना देऊ की कधीही!”

हे ‘कधीही’ मी अकरा वर्षं ऐकत होतो. माझं डोकं फिरलं.

“कधीही?” मी आवाज खाली आणला. “डॉक्टर, अप्पांचं काही खरं नाही.”

डॉक्टरांनी उचललेला कप परत खाली ठेवला.

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे... थोडेच दिवस. घरच्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.”

“अरे देवा! झालंय काय पण?”

“सगळंच!” मी म्हणालो. खोटं बोलायची सवय नसली की तपशील ऐन वेळी सुचत नाहीत.

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. शिंपीकाका म्हणाले, “दोरा तेव्हाही पक्काच होता, मी उगाच बोललो.” डॉक्टरांनीसुद्धा हात वर केला. चार विरुद्ध शून्य! मी मनातल्या मनात उडी मारली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “ही बातमी आपण स्वतः जाऊन त्यांना देऊ. उद्या संध्याकाळी पाच वाजता, चौघांनी!”

माझी उडी हवेतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी अप्पांच्या घरी धावलो. दार सूनबाईंनी उघडलं.

“अप्पा कसे आहेत?”

“गच्चीवर आहेत. पाण्याच्या टाकीत उतरलेत, घासायला. मी नको म्हटलं तर म्हणाले, तुला जमणार नाही.”

मी वर गेलो. टाकीतून आधी एक खराटा बाहेर आला, मग अप्पा. ओलेचिंब, गुडघ्यापर्यंत विजार, आणि तब्येत अशी की माझ्याच छातीत कळ आली.

मी एका दमात सगळं सांगितलं. अप्पा ऐकत राहिले.

“म्हणजे मी मरणार म्हणून मला पुरस्कार?”

“तसं नाही हो अप्पा, पण...”

“चल नीघ! मला नको तुझा पुरस्कार. पन्नास वर्षं लोकांना हसवलं, आता रडवून काय मिळवायचं? जा, सांग त्यांना जाऊन!”

मी मान खाली घालून जिना उतरलो. खाली सूनबाई म्हणाल्या, “नको म्हणाले ना? दरवर्षी तसंच म्हणतात. आणि ती भिंत बघा.” भिंतीवर एका मांडणीवर शंभर वस्तू खच्चून भरल्या होत्या, पण मधला कप्पा रिकामा होता. “अकरा वर्षं झाली. मला तिथे साधं घड्याळ ठेवू देत नाहीत. पुरस्कार जाहीर व्हायच्या आठवड्यात फोनही स्वतःच उचलतात.”

तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. “पाच वाजता येणार म्हणालास ना? अंथरूण कुठल्या खोलीत घालू?”

“अप्पा!”

“आता एकदा ठरलं म्हणजे ठरलं. मात्र काम चोख झालं पाहिजे. सूनबाई, ती जुनी घोंगडी काढ. आणि टेबलावर बाटल्या मांड, रिकाम्या चालतील. तू रे, पायाशी बस आणि काही झालं तरी हसू नकोस. मरणाऱ्याचं काम मी नाटकात सात वेळा केलंय, सातही वेळा लोक हसले. आज कोणाला हसू द्यायचं नाही!”

पाचला समिती आली. आणि काय सांगू तुम्हाला! घोंगडीखाली अप्पा जेमतेम पावभर उरले होते. गाल आत, डोळे अर्धे मिटलेले, श्वास असा की आता पुढचा येतो की नाही. मला सगळं ठाऊक असूनही माझे डोळे भरून आले. शिंपीकाका तर दारातच रडायला लागले.

“अप्पा, ओळखलंत का?” बाईंनी हळूच विचारलं.

अप्पांनी एक बोट उचललं. ते हवेत थोडं थरथरलं आणि घोंगडीवर पडलं. त्या एका बोटावर मी पुरस्कार दिला असता!

डॉक्टर मात्र पुढे झाले. “जरा आ करा बघू.” सवयच ती. अप्पांनी आ केला. डॉक्टरांनी आत डोकावलं, भुवया वर गेल्या. “सगळेच दात शाबूत! हिरड्या तर विशीतल्या पोराच्या!”

“आजार तिथपर्यंत पोचला नसेल अजून,” मी घाईने म्हणालो.

बाई खुर्चीत बसल्या आणि पर्समधून मंडळाच्या नियमांची पुस्तिका काढली. ती पुस्तिका मीच लिहिली आहे.

“सचिव, कलम सात,” बाई जड आवाजात म्हणाल्या. “पुरस्कारार्थीने स्वतः मंचावर येऊन किमान अर्धा तास बोललं पाहिजे. या स्थितीत ते कसं शक्य आहे? आपण यांना पुष्पगुच्छ देऊ. पुरस्काराचा दुसरा विचार करावा लागेल.”

“बाई, कलमात बदल...”

“मी शाळेत चाळीस वर्षं नियम बदलला नाही, सचिव!”

घोंगडी फुगली. अप्पा ताडकन उठून बसले. “मी ठणठणीत आहे!”

बाईंनी पदर तोंडाला लावला. “बघा! या अवस्थेतसुद्धा आपल्याला हसवायला बघतायत!”

“अहो खरंच ठणठणीत आहे! आज टाकी घासली मी!”

“वाताचा झटका आहे,” डॉक्टर कुजबुजले. “भलतंसलतं बोलतात अशा वेळी.”

अप्पा पलंगावरून उतरायला लागले, तर तिघांनी मिळून त्यांना परत आडवं केलं. शिंपीकाकांनी घोंगडी चारही बाजूंनी गादीखाली अशी घट्ट टाचून बसवली, की अप्पांना हातही काढता येईना. उभा जन्म खऱ्यासारख्या नकला करणाऱ्या माणसाचं आज खरं बोलणं कोणी मानेना! बाई म्हणाल्या, बैठक आत्ताच्या आत्ता मंडळात, वेळ दवडायला नको. आणि ते निघालेसुद्धा.

मी घोंगडी सोडवली. अप्पा उठले ते लाल होऊनच.

“मंडळ कितव्या मजल्यावर?”

“तिसऱ्या. पण अप्पा, लिफ्ट बंद आहे.”

“उत्तम! मागच्या गल्लीने चल!”

आणि ब्याऐंशी वर्षांचा माणूस पळायला लागला! मी मागे. भाजीवाली बाजूला झाली, एक सायकलवाला थांबून बघत राहिला, एका कुत्र्याने थोडा वेळ आमच्यासोबत धावून नाद सोडला. पहिल्या मजल्यावर माझा दम संपला. दुसऱ्यावर मी कठडा धरून बसलो. वरून अप्पा ओरडत होते, “अरे चढ लेका, पुरस्कार तुला नको असला तरी मला हवाय!” हे ते पहिल्यांदाच उघडपणे बोलले, आणि माझे पाय आपोआप उचलले गेले.

समिती पोचली तेव्हा अप्पा अध्यक्षांच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले होते. बाई दारात धापा टाकत होत्या. डॉक्टर भिंतीला टेकून घाम पुसत होते. शिंपीकाकांनी जमिनीवरच बसकण मारली.

“पटलं?” अप्पांनी विचारलं. “का आणखी एकदा खाली जाऊन येऊ?”

मग मी कबूल केलं. सगळं. मी खोटं बोललो, अप्पांचा दोष नाही, शिक्षा द्यायची तर मला द्या, पण अकरा वर्षं तुम्ही या माणसाला ‘कधीही’ म्हणत ताटकळत ठेवलंय, हे मला बघवत नव्हतं. बाईंनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो!

“अप्पा,” बाई म्हणाल्या, “तुम्ही इतके खडखडीत आहात हे बघून फार बरं वाटलं.”

“तेच म्हणतो मी!” डॉक्टरांना आता श्वास मिळाला होता. “आमचा टीव्हीवाला मात्र परवा दवाखान्यात दाखल झालाय. पित्ताशयात खडे निघालेत. तसं ऑपरेशन साधं असतं, पण माणसाचा काय भरवसा? सचिवांचाच मुद्दा आहे हा! ज्याची तब्येत नाजूक त्याला आधी. अप्पांना काय घाई?”

“पण कलम सात!” मी ओरडलो.

“पुरस्कार सोहळ्यापर्यंत खडे निघतील,” डॉक्टर म्हणाले.

शिंपीकाकांनी जमिनीवरूनच हात वर केला. बाईंनीही केला. तीन विरुद्ध एक! इतिवृत्तात नोंद झाली, आणि सचिव या नात्याने ती मलाच लिहावी लागली: यंदा टीव्हीवाले, पुढच्या वर्षी तीन मतांनी अप्पा; डॉक्टरांनी तेवढा ‘पुढचं पुढे बघू’ म्हणत हात खालीच ठेवला.

मला अप्पांकडे बघायची हिंमत होईना. अप्पा उठले. त्यांनी धापा टाकणाऱ्या बाईंकडे पाहिलं, घाम पुसणाऱ्या डॉक्टरांकडे पाहिलं, जमिनीवरून उठता न येणाऱ्या शिंपीकाकांकडे पाहिलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “पन्नास वर्षांत दिलेली तारीख मी कधी चुकवलेली नाही. पुढच्या वर्षी मी येतो. द्यायला कोणी उरेल, एवढं तुम्ही बघा.”

आणि एकेक पायरी सोडून जिना उतरून गेले!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या दाराची बेल वाजली. दारात अप्पा, पायात कॅनव्हासचे बूट. “चल! वर्षभर रोज पाच किलोमीटर. काल तू दुसऱ्या मजल्यावर बसलास, मी बघितलंय. माझं हक्काचं मत असं जिन्यात गमावायची माझी तयारी नाही!”

तेव्हापासून दोन महिने झाले, हा माणूस मला रोज पळवतोय. मला गोड बंद, तळलेलं बंद, दुपारची झोप बंद. बायको त्यांना सामील आहे. बाईंना ते संध्याकाळी टेकडी चढवतात, शिंपीकाकांना मशीनवरून उठवून दोरीच्या उड्या मारायला लावतात. परवा माझ्या पायात गोळे आले, मी रस्त्यातच बसलो आणि चिडून म्हणालो, “अप्पा, सगळं आमच्याच मागे का? ते दातांचे डॉक्टर बघा, रिक्षाने फिरतात, दोन वेळा मिठाई खातात. त्यांना का नाही पळवत?”

अप्पा जागच्या जागी धावत म्हणाले, “त्यांचं मत कुठे मला आहे? बसू दे की आरामात!”