शंखांचं वाण

संक्रांतीचं वाण यंदा बाजारातून आणायचं नाही, घरीच करायचं, असा निर्णय मी डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी दाढी करता करता घेतला. निर्णय लहान होता. दाढीसुद्धा अर्धीच झाली होती. पण कलेविषयीचे सगळे निर्णय मी घ्यायचे आणि ते बायकोने, म्हणजे उत्तराने, निस्तरायचे, अशी आमच्या घरात लग्नापासून कामाची वाटणी आहे.

मी कलावंत आहे. (ऑफिसात मला हेडक्लार्क म्हणतात, पण तो त्यांचा प्रश्न.) थंडी पडली की माझ्यातली कला जागी होते. थंडी म्हणजे बोरिवलीची थंडी. पहाटे पंखा पाचावरून दोनवर आणला, की ती पडली असं समजायचं. तेवढ्या बळावर मी माकडटोपी चढवतो, गळ्यात क्लिक कॅमेरा अडकवतो आणि नॅशनल पार्कात पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. आमच्या अल्बममध्ये असे पुष्कळ फोटो आहेत, ज्यांतून पक्षी नुकताच उडून गेलेला आहे. शिवाय हस्तकला. खिळे आणि दोरा वापरून मी केलेला मोर हॉलमध्ये लावलेला आहे. एका पाहुण्यांनी त्याला कोबी म्हटलं, तेव्हापासून त्यांना आमच्याकडे चहा बेताचाच मिळतो.

“अहो, स्टीलच्या वाट्या आणू या ना,” उत्तरा म्हणाली. “स्टेशनजवळ डझनावारी मिळतात.”

“वाटी?” मी दाढीचा ब्रश हवेत फिरवला. फेस आरशावर उडाला. “अगं, घरोघर वाट्यांच्या चळती लागल्यात. आपण असं काहीतरी देऊ, की या बायका जन्मात विसरणार नाहीत.”

(एवढं एक वाक्य माझं खरं ठरलं.)

उत्तराने पोळपाट बाजूला ठेवला. “हे बघा, वाकोल्याच्या चाळीत काहीही खपलं असतं. तिथे सगळ्या माझ्याच होत्या. इथे येऊन वर्ष होत आलं, अजून एकीनेही माझ्या दारात उभं राहून दोन शब्द बोललेलं नाही. या बिल्डिंगमधलं माझं हे पहिलं हळदीकुंकू. माझी लाज तुमच्या हातात आहे.”

“निश्चिंत राहा,” मी म्हणालो. तिचा चेहरा लगेच चिंताक्रांत झाला.

पुढच्या रविवारी मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने मी मनोरीला गेलो. बेत असा, की सकाळी पक्ष्यांचे फोटो आणि दुपारी शंखशिंपले; त्यांनी मढवलेले कुंकवाचे करंडे करायचे. किनाऱ्यावर उतरतो तोच लांबवर एक शुभ्र बगळा एका पायावर ध्यान लावून उभा असलेला दिसला. मी वाळूत पालथा पडलो आणि कोपरांवर सरपटत निघालो. बगळा हलेना. मी आणखी जवळ गेलो. तरी हलेना. शेजारी बोंबील वाळत घालणारी एक बाई हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होती.

“काय परला का रं भाऊ?” तिने विचारलं. माझं काहीतरी वाळूत पडलंय, अशी तिची समजूत झाली असावी.

“फोटो काढतोय,” मी कुजबुजलो.

“गंजीचा?”

मी चष्मा पुसून पाहिलं. काठीवर कुणाचातरी बनियन वाळत होता. मी तरीही फोटो काढला. (एव्हाना बाई हसायला लागली होती आणि उठून चालू पडणं बरं दिसलं नसतं.)

मग शिंपले. वाळूवरचे सगळे फुटके, फिकट, टवके उडालेले. पण ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवर काय खजिना होता म्हणून सांगू! टपोरे, ओले, तुकतुकीत शंख, आणि कुणी हात लावलेला नाही. लोकांना दृष्टीच नसते. प्रत्येक शंखाच्या तोंडाला निसर्गाने पातळसं झाकणसुद्धा बसवलेलं होतं. काय ते फिनिशिंग! काही शंख खडकाला घट्ट चिकटले होते, ते मी पेनच्या टोपणाने उपटून काढले. परतताना बोटीत मांडीवरची पिशवी हलल्यासारखी वाटली, पण समुद्राला जरा लाटा होत्या.

आमच्या सात पिढ्यांत कुणी मासा शिजवलेला नाही. तेव्हा समुद्रातल्या वस्तूच्या आत कोणी राहत असेल, ही शंका मला यावी कुठून?

पुठ्ठ्याच्या डब्या, फेविकॉल आणि वर व्हार्निशचे दोन हात. करंडे असे झाले, की उत्तरासुद्धा हातात घेऊन बघत राहिली. हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायका आल्या. सेक्रेटरी अण्णांच्या क्षमाताई, ज्यांच्या होकाराशिवाय आमच्या बिल्डिंगमध्ये पापडसुद्धा वाळत नाहीत, त्या म्हणाल्या, “अगोबाई, घरी केले? मी तर बाई देवाजवळच ठेवणार.” मग सगळ्याच म्हणाल्या, देवाजवळच. तळमजल्यावरच्या मालवणच्या शकुताईंनी तर करंडा कपाळाला लावला. आतल्या खोलीत मी दाराला कान लावून उभा होतो. बायका गेल्यावर उत्तराने आपणहून मला तिळाचे दोन लाडू दिले. त्या दिवशी मी खरोखर सुखी होतो.

व्हार्निशचा वास उडाला आणि दुसरा यायला लागला.

आधी प्रत्येकाला वाटलं, आपल्याच घरात आहे. त्यामुळे कुणी बोलेना. जो तो दार लावून गुपचूप घर धुऊ लागला. क्षमाताईंनी माळे उपसले. दुसऱ्या मजल्यावरच्या रतनभाईंनी उंदीर मेला असेल म्हणून फ्रीज ओढून भिंतीपासून लांब नेला आणि तो परत मागे ढकलेना. अण्णांनी पाण्याची टाकी साफ करवून घेतली. जिन्यावर मांजरं बसू लागली; कुठून आली कोण जाणे, पण सगळी आशेने वर बघत असायची. आणि वास वाढला, की बायका देवघरात जाऊन आणखी एक उदबत्ती लावायच्या. म्हणजे नेमक्या तिथेच.

शेवटी लोक एकमेकांशी बोलले आणि नेहमी होतं तेच झालं. बिल्डिंगमध्ये मासे खाणारं घर एकच. शकुताईंच्या दारावरून जाताना बायकांचे पदर नाकाला जायला लागले. शकुताई काय ऐकून घेणाऱ्या! त्या दारात येऊन कडाडल्या, “माझ्या घरात सकाळी आलेलो मासो दुपारी पोटात जाता! वास येवक शिल्लक रवता खंय?”

मीही तेव्हा मान हलवून म्हणालो होतो, “सुकी मासळी असेल.” हे मी म्हणालो होतो. लिहितानासुद्धा कान तापतात.

दोन दिवसांनी पूजेला बसलो. कुंकू घ्यायला करंडा उघडला. त्यावर मुंग्यांची रांग लागली होती, आणि त्या माझ्या आवडत्या, फिनिशिंगवाल्या शंखात शिरत होत्या. मी नाक जवळ नेलं आणि मागे घंटेवर पडलो.

“काय झालं हो?” उत्तराने स्वयंपाकघरातून विचारलं.

“आरती,” मी म्हणालो.

तो करंडा मी डब्याच्या पिशवीत लपवला आणि ऑफिसला जाताना लांबच्या कचराकुंडीत टाकला. पण बाकीचे? एरवी कुठलीही वस्तू माणूस फेकतो. हळदीकुंकवात मिळालेला कुंकवाचा करंडा कोणती सवाष्ण फेकेल? नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न! म्हणजे बिल्डिंगमधल्या तमाम नवऱ्यांच्या दीर्घायुष्यासाठी ते शंख देवाजवळ कुजत राहणार, आणि बोल शकुताईंना लागणार.

संध्याकाळी मी कॅमेरा घेऊन क्षमाताईंकडे गेलो. “प्रदर्शनासाठी करंड्याचा फोटो हवाय. आमच्याकडे उजेड चांगला येतो, जरा घेऊन जातो.”

“देवाजवळची वस्तू हलवू नये,” क्षमाताई म्हणाल्या. “इथेच काढा. थांबा हं, मी साडी बदलून येते.”

त्यांनी साडी बदलली. अण्णांना कोट घालायला लावला. करंडा मध्ये, दोघं दोन बाजूंना, आणि दोघांनीही श्वास रोखलेला. फोटो काढून मी हात हलवत परत आलो. अशीच आणखी दोन घरं झाली. मग माझा धीर सुटला आणि मी तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिलो. उत्तराला सांगायचं धैर्य होईना. तिने एवढं एक मागितलं होतं.

पुढच्या आठवड्यात नोटीसबोर्डावर कागद लागला: ‘दुर्गंधीबाबत तातडीची सभा. सर्वांनी सहकुटुंब यावे.’ वास तसा कमी झाला होता, पण मला वाटलं, माझं नाक सरावलं असेल. चोराच्या मनात चांदणं.

सभा अण्णांच्या हॉलमध्ये भरली. क्षमाताई उभ्या राहिल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, “शकुताई, आज सगळ्यांसमोर तुम्हाला काही सांगायचंय…”

माझ्याच्याने बघवेना. मी ताडकन उठलो. “थांबा! वास त्यांचा नाही. माझा आहे!”

मी सगळं सांगितलं. खडक, झाकणं, पेनचं टोपण, सुकी मासळी म्हणालो ते, आणि कोट घालायला लावलेला फोटोसुद्धा. “शकुताई, मला माफ करा. उत्तराचा यात काही दोष नाही. तिला यातलं काहीच माहीत नाही.”

“बसा नंदकिशोर,” अण्णा शांतपणे म्हणाले. “ही शकुताईंची माफीच मागत होती. आम्हाला सगळं कळून आठवडा झाला.”

मी उत्तराकडे पाहिलं. ती नखं बघत होती. “देवघरातला आपला करंडा नाहीसा झाला आणि घरातला वासही गेला, तेव्हाच मला कळलं,” ती हळूच म्हणाली. “मग मी घरोघर गेले. स्टीलचे करंडे दिले, तुमचे परत घेतले. पण कुंकवाची वस्तू टाकायची कशी? शकुताई म्हणाल्या, जिथून आलं तिथे हळदकुंकू वाहून सोडून येऊ. म्हणून आम्ही सगळ्या मनोरीला गेलो. तुम्ही ऑफिसात होतात.”

“इतकी मजा आली!” क्षमाताई म्हणाल्या. “शकुताईंनी मस्त वडे आणले होते. आणि या उत्तराला तर आम्ही आता सोडणारच नाही. बिचारी एकटी किती सोसते हो!” चारपाच बायकांनी एकदम माना डोलवल्या आणि एकीने उत्तराचा हात हातात घेतला. तिचं बस्तान बसलं होतं, आणि तेही केवळ माझ्यामुळे.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तुम्ही इतक्या हौसेने केलं होतंत,” उत्तरा म्हणाली, आणि मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात क्षमाताईंनी पाकिटातून फोटो काढून फिरवायला दिले. कॅमेरा माझाच, रोलही माझाच. समुद्र, हसणाऱ्या बायका आणि त्यांच्या डोक्यांवरून उडणारा बगळ्यांचा अख्खा थवा, पंखन् पंख स्पष्ट. “शकुताईंनी काढला,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच कॅमेरा हातात धरला त्यांनी. आधीच्या फोटोंत एक बनियन निघाला, तो कोणाचा ते कळलं नाही.”

“पण मग आजची सभा कशासाठी?” मी विचारलं. माझ्या आवाजात फारसा जीव नव्हता.

अण्णांनी घसा खाकरला. “दुर्गंधी पुन्हा होऊ नये म्हणून. नंदकिशोर, तुमचे रविवार मोकळे असतात, हे मूळ कारण आहे. तेव्हा सोसायटीचं सेक्रेटरीपद यापुढे तुम्हाला द्यावं, असा ठराव आहे. पंप, गळती, भांडणं, महापालिका. डोकं वर काढायला फुरसत मिळत नाही, मी अनुभवाने सांगतो. ठरावाच्या बाजूने कोण आहे?”

सगळ्यांनी हात वर केले. मी बघितलं, पहिला हात उत्तराचा होता. दोन्ही हात होते.